सिनेमातली सवत

चौसष्टाव्या वर्षी बनाबाईंना सवत आली. तीही कशी, तर विशीतली, पाठीवर लांबसडक वेणी सोडलेली, आणि वर मेलेली. जिवंत सवत असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, अगदीच काही नाही तर तिच्या चहात साखर कमी घालता आली असती. मेलेल्या सवतीचं करायचं काय? आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे ही सवत घरात आणली कुणी, तर खुद्द बनाबाईंनीच. स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, स्वतःच्या तोंडानं.

बनाबाईंचे यजमान कृष्णात मास्तर उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, आणि पुढं घोड्यावर कुणाचा तरी नवरदेव. कोल्हापुरात अशी एक गल्ली नसेल की जिथली पोरगी मास्तरांच्या क्लॅरिनेटवर सासरी गेली नाही. मग डीजे आले, बँड बसले, मास्तरही घरी बसले. पण गेल्या खेपेच्या गणपतीत मिरजकर तिकटीला कुणीतरी त्यांच्या हातात क्लॅरिनेट दिली, मास्तरांनी डोळे मिटून अशी काही वाजवली की पुढचा डीजेसुद्धा गप्प झाला, आणि ते कुणीतरी फोनवर टिपलं. पंधरवड्यात मास्तर जगभर पोचले. लगोलग राजवीर नावाचा दाढीवाला पोरगा दारात आला. मूळचा शाहूवाडीकडचा, पुण्यात सिनेमा शिकलेला. म्हणाला, मास्तरांच्या आयुष्यावर सिनेमा काढतो.

आठवडाभर तो रोज येऊन बसायचा, बोलणं टिपून घ्यायचा. त्याचा एकच धोशा.

"मास्तर, वाजवताना डोळे मिटता तेव्हा काय दिसतं?"

"काय दिसतंय? अंधार दिसतोय."

"तसं नव्हे. कोण आठवतं?"

"पुढचा सूर आठवतोय. आनि तोंडातली रीड वाळली का काय, त्याची काळजी आस्तीया."

राजवीरचं तोंड एवढंसं झालं. त्याचाही दोष नव्हता म्हणा. गाण्याबजावण्यातल्या माणसांवरच्या सिनेमाची एक रीत ठरून गेली आहे. हिरोनं बाजाला हात लावला की त्याचे डोळे मिटलेच पाहिजेत, आणि डोळे मिटले की त्याला मागचं काहीतरी आठवलंच पाहिजे. आई मरताना, बाप मारताना, नाहीतर प्रेयसी जाताना. नुसता सूर चांगला लागावा म्हणून वाजवणारा माणूस सिनेमाला चालत नाही. सुराला काहीतरी दुखणं लागतं. आणि मास्तरांना तर दाढ सोडून दुसरं दुखणं ठाऊक नव्हतं.

शेवटी राजवीरची नजर क्लॅरिनेटवरच्या चांदीच्या कडीवर गेली. वरच्या सांध्याशी, लाकडाला तडा गेला होता तिथं, बोटभर रुंदीची कडी घट्ट बसवलेली. घासून घासून गुळगुळीत झालेली.

"ही कुणी बसवली?"

"हुपरीत बसवून घेतलती. लई वर्सं झाली."

"पण कुणी?"

"चांदीवाल्यानं. आनि कोन बसवनार, लोहार?" असं म्हणून मास्तर दाढी करायला निघून गेले.

राजवीर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन टेकला. बनाबाई भाकरी थापत होत्या. पोरगं हिरमुसलेलं, कपाळाला हात लावून बसलेलं. बनाबाईंना त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर दयेपेक्षा जास्त त्यांना ती गोष्ट सांगायचा मोह झाला. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट होती. त्या कडीची खरी हकीकत जगात एकट्या बनाबाईंना माहीत होती, कारण ती कडी त्यांनी बसवली होती.

झालं होतं असं. बनाबाई माहेरच्या हुपरीच्या. हुपरीत घराघरांत चांदीचे पैंजण होतात. पुरुष माल घेऊन पेठेत फिरतात आणि आत बायका-पोरी फुंकणीनं जाळ देत कड्या जोडत बसतात. बना तेव्हा मामाच्या कारखान्यात काम करायची. एका संध्याकाळी गल्लीतून वरात चालली होती आणि अचानक मामाच्या दारात बँड बंद पडला. क्लॅरिनेटला तडा गेला होता, वारा बाहेर पडत होता. बँडमास्तरनं वाजवणाऱ्या पोराला भर वरातीत आईवरनं शिव्या घातल्या. ते पोरगं, अंगात दोन मापं मोठा लाल कोट घातलेलं, मामाच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसलं. बना खिडकीच्या गजातून बघत होती. मामा क्लॅरिनेट घेऊन आत आला, म्हणाला, काय होतंय का बघ. बनानं पैंजणाची पट्टी कापली, वळवली, जोडली, जाळावर धरली, गरम गरम लाकडावर चढवली, आणि चिमटा घ्यायलाही वेळ नव्हता म्हणून अंगठ्यानं दाबून धरली. अंगठा भाजला. कडी बसली. मामानं क्लॅरिनेट बाहेर नेऊन दिली, आणि ते पोरगं ती कपाळाला लावून मामाच्या पाया पडलं. मग पाठवणीचं जे वाजवलं, ते ऐकून आत बनाला रडू फुटलं. पुढं तिनंच मामीच्या मागं लागून ते स्थळ काढायला लावलं. पण पोरीनं स्वतः पोरगा हेरला असं कळलं असतं तर सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून बोलली नाही. बघायच्या कार्यक्रमात वडीलही ताठ्यानं म्हणाले होते, आमी पोरीस्नी कारखान्यात बसवत न्हाय. मामा लग्नाआधीच धंद्यासाठी तमिळनाडूत सेलमला गेला, कारखाना मोडला, आणि गोष्ट बनाबाईंच्या पोटातच राहिली.

आता ही गोष्ट दाढीवाल्या परक्या पोराला सांगायची तर 'मी' कसं म्हणायचं? ज्या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंडाळल्याशिवाय कधी घेतलं नाही, तिनं 'माझा जीव जडला' असं म्हणायचं? बनाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि तव्याकडं बघतच म्हणाल्या, "एक पोरगी हुती हुपरीत. तिनं बसवली ती."

राजवीर ताठ बसला. "पोरगी? मास्तरांना माहीत होती?"

"त्यास्नी कुठलं म्हाईत? तिचाच जीव जडला हुता." सगळं सांगितलं त्यांनी. खिडकीचे गज, पट्टी, जाळ. फक्त अंगठ्याचं तेवढं राहिलं, कारण अंगठा तेव्हा पिठात होता आणि सांगताना लाज वाटली.

"मग पुढं तिचं काय झालं काकू?"

आता काय सांगणार? पुढं ती इथं बसून तुला भाकरी वाढतेय, असं? बनाबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडावर घेतला, भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. राजवीरनं ते पाहिलं. तो हलकेच उठला, पायाला हात लावून म्हणाला, "काकू, तुमचं मन फार मोठं आहे." आणि गेला. बनाबाईंना वाटलं, पोरगं हुशार आहे, न सांगता समजलं.

काय समजलं होतं, ते त्यांना थिएटरात कळलं.

पहिल्या खेळाला सगळी गल्ली आली होती. सून शिवांजली एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला, मधे बनाबाई नवी इरकल नेसून. पडद्यावर हिरोनं क्लॅरिनेट उचलली, त्याचं बोट चांदीच्या कडीवर गेलं, डोळे मिटले, आणि पडदा हळदीत बुडवल्यासारखा पिवळा झाला.

"हे काय झालं?" बनाबाईंनी विचारलं.

"आत्या, फ्लॅशबॅक हाय. त्यास्नी मागचं आठवाय लागलंय." शिवांजली कुजबुजली.

पिवळ्या पडद्यावर एक पोरगी फुंकणी फुंकत बसली होती. केस भुरुभुरु उडत होते. बनाबाई पहिल्यांदा खूश झाल्या. मग त्यांच्या मनात आलं, कारखान्यात असा वारा सोडला तर जाळ टिकेल का? मग पडद्यावर कुणीतरी तिला हाक मारली: "सगुणाऽऽ!"

सगुणा? कोण सगुणा?

त्यानंतर हिरोनं जेव्हा जेव्हा कडीला बोट लावलं, तेव्हा तेव्हा पडदा पिवळा झाला आणि सगुणा आली. सगुणा हसली, सगुणा लाजली, सगुणा खिडकीतून बघत राहिली. मग तिला चंदगडकडं कुठल्या तरी घरात जबरदस्तीनं देऊन टाकली, आणि तिथल्या पावसात, पूर आलेल्या नदीत, हातात एक पैंजण घट्ट धरून सगुणा वाहून गेली. थिएटरात नाकं ओढल्याचा आवाज यायला लागला. शिवांजली तर हमसून हमसून रडत होती.

मध्यंतरानंतर मास्तरांची बायको आली. जाड, कपाळावर आठ्या घातलेली, तीन सीनची. पहिल्या सीनमध्ये ती भाकरी आदळते. दुसऱ्यात क्लॅरिनेट अंगणात फेकून म्हणते, "ह्या पिपाणीनं काय पोट भरत न्हाय!" आणि तिसऱ्यात मास्तर कडीवरनं बोट फिरवत असताना ती मागं घोरत असते. तिच्यासाठी पडदा एकदाही पिवळा झाला नाही. जी रोज डोळ्यांसमोर असते तिचा फ्लॅशबॅक कोण कशाला करील?

बनाबाई आतून पेटल्या. आयुष्यात त्यांनी क्लॅरिनेट फेकली नव्हती. उलट दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावत आल्या होत्या, त्या कडीला जरा जास्तच. त्यांनी मास्तरांकडं बघितलं, की निदान ह्यांना तरी राग आला असेल. मास्तर रुमालानं डोळे पुसत होते.

"अवो, तुमी कशापायी रडताय?"

"गप बस. बगू दे."

त्या दिवसापासून मास्तर बदलले. सुरुवातीला कुणी विचारलं तर सांगायचे, तसलं काय न्हवतं वं, सिनेमावाल्यानं घातलंय. पण असं म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरायचं, चहा पाजायला आलेला माणूस चहा न पाजताच जायचा. मग मास्तर नुसतेच गप्प बसायला लागले. गप्प बसलं की लोक समजून मान हलवायचे. मग एक दिवस "हुती एक" म्हणाले. आणि एक दिवस बनाबाई आत कांदा चिरत असताना बाहेरच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला, "डोळं लई पाणीदार हुतं तिचं. अजून समोर दिसत्यात."

बनाबाईंच्या हातातला कांदा विळीवर तसाच राहिला. डोळे? त्या दिवशी ह्या माणसानं मान वर करून खिडकीकडं बघितलंसुद्धा नव्हतं. सगळा वेळ स्वतःच्या बुटाकडं बघत होता. आणि आता डोळे दिसतात!

बरं, नुसतं खोटं बोलत असते तरी चाललं असतं. पण मास्तरांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत चालला होता. संध्याकाळी रंकाळ्यावर कट्ट्यावर एकटेच बसायचे. घरात क्लॅरिनेट मांडीवर घेऊन त्या कडीवरनं बोट फिरवत सुस्कारे सोडायचे. बनाबाईंनी जेवायला हाक मारली तर दचकून बघायचे, आणि दचकल्यावर त्यांच्या तोंडावर जे यायचं, ते बनाबाईंना ओळखता येत होतं. ती निराशा होती.

बनाबाई जळत होत्या. उघड सांगायचं तर सवतीवर जळावं त्यापेक्षा जास्त जळत होत्या, कारण सवतीचं निदान सगळं तिचं स्वतःचं असतं. हिच्याकडं जे होतं ते सगळं बनाबाईंचं होतं. खिडकी बनाबाईंची, फुंकणी बनाबाईंची, पट्टी वळवणारे हात बनाबाईंचे. जन्मभर एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी राखली होती, आणि ती एका वेणीवाल्या भवानीनं बसल्या जागी उचलून नेली, वर मरून सगळ्यांची सहानुभूती घेतली. घासलेली भांडी परत परत घासली जायला लागली. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं.

शेवटी त्यांनी शिवांजलीला सांगितलं. कपडे वाळत घालताना, एकदम. "ती पोरगी म्हंजे मीच हाय."

शिवांजलीनं हातातली साडी टाकली आणि सासूला मिठी मारली. "आत्या, खरंच! मला पण सिनेमा बघून आल्यापासून आगदी तसंच वाटतंय. मीच सगुणा हाय असं."

सुनेच्या खांद्यावरनं बनाबाई दोरीवरच्या चिमट्यांकडं बघत राहिल्या.

मग धीर करून मास्तरांना सांगितलं. मास्तर खोकला येईपर्यंत हसले.

"अगं ए, मेलेल्या बाईवर जळतीस व्हय?"

"ती मेली न्हाय. ती तुमच्या भाकऱ्या थापतीया."

"तू? तू फुंकणी तर हातात धरलीस काय कवा? तुजा बा तर म्हनला हुता, आमी पोरीस्नी कारखान्यात बसवत न्हाय." आणि मग समजूत काढल्यासारखं, पाठीवर हात ठेवून, "तुजं पन बरोबर हाय म्हना. बाईमानूस हाईस. वाटनारच."

पाठीवरचा तो हात बनाबाईंना निखाऱ्यासारखा लागला.

आणि अशात सत्काराचं ठरलं. नाट्यगृहात मोठा कार्यक्रम, मास्तर वाजवणार, आणि सगुणा झालेली निशिगंधा नावाची नटी मुंबईहून येणार. दुपारी घरी जेवायला, संध्याकाळी कार्यक्रमाला. राजवीरनं फोनवर कौतुकानं सांगितलं, "काकू, स्टेजवर निशिगंधा सगुणाच्या वेशात येऊन त्या कडीला हळदकुंकू लावेल. लोक वेडे होतील."

लोकांचं माहीत नाही, पण बनाबाई झाल्या. सिनेमा नेला, नवरा नेला, आता खंडेनवमीसुद्धा?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मास्तर फिरायला गेले. शिवांजली बाजारात गेली होती. मटण शेगडीवर रटरटत होतं. बनाबाईंनी क्लॅरिनेट पेटीतून काढली, दुसरी शेगडी लावली, आणि तो सांधा ज्योतीवरून जपून फिरवला, लाकूड नव्हे, नुसती कडी तापेल असा. मग ओला फडका गुंडाळून एक हिसका दिला. कडी सुटून हातात आली. इतक्या वर्षांनी, आणि काय सहज आली! तिच्या खालचा तडा काळ्या केसासारखा उघडा पडला. बनाबाईंनी कडी मुठीत घेतली, क्लॅरिनेट पेटीत ठेवली, आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. असं बरं वाटलं की बस्स.

मास्तर आले. हात धुतले, क्लॅरिनेट काढली, फुंकली. नुसता फुस्स आवाज. परत फुंकली. मग बोट नेहमीच्या जागी गेलं, आणि तिथं काही नव्हतं.

पेटी उलटी केली. गादी उचलली. खाटेखाली शिरले. सत्तर वर्षांचा माणूस फरशीवर चारी हातपाय टेकून कडी शोधत होता, ते बघून क्षणभर बनाबाईंना वाईट वाटलं. पण मग मास्तर तिथंच फरशीवर बसले आणि ओंजळीत तोंड घालून म्हणाले, "सगुणाची कडी गेली गं. एवडी एकच आठवन हुती तिची."

संपलं. दया जी गेली ती गेलीच.

"मग बोलवा की तिला," बनाबाई म्हणाल्या. "दुसरी करून आनंल. डोळं पाणीदार हाईत न्हवं तिचं? मग कडी तर डोळं झाकून करंल." आणि मूठ उघडून त्यांनी कडी त्यांच्या नाकासमोर धरली. "मी काढली. मी बसवलेली, मीच काढली."

"मोडलीस व्हय! आज सांजला कारेक्रम हाय, आनि मोडलीस! आता कोन बसवनार ही?"

बनाबाई उठल्या. तड्यावर दोऱ्याचे दोन वेढे ताणून बसवले. कडी सांडशीत धरून ज्योतीवर तापवली, रंग बदलू लागला तशी उचलली, आणि एका दमात लाकडावर सरकवली. शेवटचं बोटभर अंतर ती अडली. तिथं सांडशी चालत नाही. बनाबाईंनी अंगठा लावला आणि दाबला. चटका बसला. तोंडातून आवाज काढला नाही. ओला फडका टाकला, चर्र झालं, कडी बसली. क्लॅरिनेट त्यांनी मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी फुंकली. सूर भरून, गोल, घरभर.

मग त्यांनी क्लॅरिनेट खाली ठेवली आणि बनाबाईंचा उजवा हात धरला. अंगठ्याच्या पेरावर नवा लाल पट्टा उठला होता. त्याच्या खालीच जुना डाग होता, पांढुरका, तेवढ्याच रुंदीचा, तसाच वळलेला. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनी त्या डागाबद्दल विचारलं होतं आणि बनानं सांगितलं होतं, भाकरी करताना भाजलं. मास्तरांनी तो अंगठा कडीशेजारी नेऊन धरला. कितीतरी वेळ बघत राहिले.

बनाबाई वाट बघत होत्या. आता बोलतील. आयुष्यभर जे ऐकायचं राहिलं होतं, ते आता ऐकायला मिळेल.

"म्हंजे," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले, "सगुणा न्हवतीच?"

बनाबाईंनी हात ओढून घेतला. "हुती की! चंदगडच्या नदीत मेली! थेटरात रडून आलाय न्हवं? आता तिचं दिवस घाला."

 मटणाला कढ येऊन वास सुटला होता. मास्तर हळूच म्हणाले, "इतक्या वर्सांत बोलली न्हाईस कवा."

"तुमी इचारलं कवा?"

दारात गाडीचा हॉर्न वाजला. निशिगंधा आली होती.

दिसायला ती गोड होती, त्याला इलाज नव्हता. जेवताना मास्तरांनी मान वर केली नाही. बनाबाईंनी तिला आग्रहानं वाढलं, आणि तिखटाच्या बाबतीत जराही दयामाया दाखवली नाही.

संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. बनाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अंगठा ठणकत होता, आणि त्यांच्या मनात एकच होतं. आता ह्यांना कळलंय. आज एवढ्या माणसांत हे काय सांगतात?

निशिगंधा वेणी पाठीवर टाकून ताट घेऊन आली आणि तिनं कडीला हळदकुंकू लावलं. लावलं म्हणजे थापलंच. सगळं सांध्यात गेलं. उद्या काडीनं उकरून काढायचं काम कुणाचं, ते सांगायला नकोच. टाळ्या पडल्या. मग निवेदकानं माईक पुढं केला. "मास्तर, आज सगुणाबद्दल काहीतरी सांगा. तिचे ते डोळे..."

मास्तरांनी कडीवर बोट ठेवलं. खाली पहिल्या रांगेत बघितलं. बनाबाईंनी पदर सारखा केला. आता म्हणतील, ती काय, समोर बसलीया.

"डोळ्याचं मी खोटं सांगत हुतो," मास्तर म्हणाले. "मी तिचं डोळं बगितलंच न्हवतं. मान खाली घालून बसलतो. पन एक पोरगी हुती हुपरीत. तिचा अंगठा मला म्हाईत हाय. उजव्या हाताचा. कडी तापलेली हुती, आनि माजी वरात थांबलीया म्हनून तिनं तशीच दाबून धरली. भाजला अंगठा. डाग पडला. आनि बोलली न्हाय." ते थांबले. काहीतरी अजून सांगायचं होतं. तोंड उघडलं, पहिल्या रांगेत बघितलं, आणि मान खाली घातली. "एवडंच," म्हणाले.

बनाबाईंना कळलं. एवढ्या माणसांत 'माझी बायको' म्हणणं ह्या माणसाला जमणार नव्हतं. त्यांना स्वतःला तरी एका दाढीवाल्या पोरासमोर 'मी' म्हणायला कुठं जमलं होतं?

पण लोकांना काय कळणार? बायका हुंदके द्यायला लागल्या. मागनं शिट्ट्या आल्या. निवेदक ओरडला, "सगुणाच्या अंगठ्यासाठी जोरदार टाळ्या!" आणि निशिगंधेनं स्वतःचा उजवा अंगठा, पांढराशुभ्र, जन्मात कधी चूल न बघितलेला, लोकांना उंच करून दाखवला. छातीशी धरला. त्याचं चुंबन घेतलं. कॅमेरे लखलखले.

बनाबाईंनी आपला अंगठा पदराखाली घेतला. खिडकी नेली, फुंकणी नेली, आता अंगठाही नेला.

मास्तर वाजवायला उभे राहिले. पाठवणीचं वाजवलं, तेच, त्या संध्याकाळचं. पुढं गुडघ्यावर बसलेला फोटोवाला ओरडत होता, "मास्तर, डोळे मिटा! डोळे!" मास्तरांनी मिटले नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टक्क उघडे, पहिल्या रांगेवर रोखलेले.

शेजारची बाई नाक पुसत बनाबाईंकडं वळली. "काय वं मावशी, आज डोळं मिटलंच न्हाईत की मास्तरांनी. सगुणा आठवली न्हाय वाटतं."

"समोर आसल्यावर कशाला आठवंल?" बनाबाई म्हणाल्या.

"व्हय की," ती बाई स्टेजवरच्या निशिगंधेकडं बघत म्हणाली. "समोरच बसलीया न्हवं."

निशिगंधा अजून स्वतःचा अंगठा गालाला लावून बसली होती. बनाबाईंना क्लॅरिनेट ऐकू येत होती, आणि बरंही वाटत होतं, पण ते काही त्यांना बघवत नव्हतं.